पिठातलं पाऊल

आपण नसताना घरात कोणीतरी शिरतं, हे शकुनबाई कापगतेंना सगळ्यात आधी वड्यांच्या बरणीनं सांगितलं.

दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी त्या भजनाला जायच्या. अशाच एका मंगळवारी परत येऊन त्यांनी बरणीचं झाकण फिरवलं, तर ते फिरेना. पदर लावून फिरवलं, गरम पाण्यात बुडवलं, पाट्यावर आपटलं, झाकण करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी फिरेना. शेवटी संध्याकाळी सून गुंजन दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली आणि तिनं ते दाराच्या फटीत धरून उघडलं. गळ्यापर्यंत भरलेल्या कोहळ्याच्या वड्या आता खांद्यापर्यंत उतरल्या होत्या.

"तू घेतल्या?"

"नाही आई."

"मनिषनं?"

"ते वड्यांना हात लावत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"मग काय बरणीले पाय फुटले?"

पुढच्या वेळी कूलर बोलला. निघताना शकुनबाईंनी तो स्वतःच्या हातानं बंद केला होता, आणि परत आल्या तर त्याच्या जाळ्या ओल्याचिंब. दिवाणावरची चादर चौपदरी घडी करून, काठाला काठ लावून ठेवलेली. हे मात्र त्यांना फार लागलं. चोरानं चोरी करावी, ते त्याचं काम आहे. पण चोरानं येऊन घर आवरून जावं, म्हणजे घरच्या बाईला नाव ठेवल्यासारखं झालं.

भंडाऱ्याला खात रोडवरच्या या इमारतीत मनिषनं भाड्यानं घर घेतलं होतं. शकुनबाई तिथं आठ दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला आता उन्हाळा सरत आला होता. कारण विचाराल तर शेवगा. एकोडीच्या घरामागं त्यांनी लावलेला, वाढवलेला, सगळ्या गावाला शेंगा पुरवणारा शेवगा नवऱ्यानं, म्हणजे भोजराजजींनी, ट्रॅक्टर वळायला जागा पाहिजे म्हणून एका सकाळी तोडून टाकला. विचारलं नाही, सांगितलं नाही. शकुनबाईंनी त्याच दिवशी पिशवी भरली. "घ्यायले आल्याशिवाय मी ह्या घरी पाय ठेवनार नाही!" त्या म्हणाल्या. भोजराजजींनीही ऐकवलं, "अन् मी त्या शहरातल्या डब्यात पाय ठेवनार नाही. एक तर माझा हा पाय!" त्यांच्या डाव्या पायाची करंगळी एका पोळ्याला बैलाच्या खुराखाली गेली होती, आणि तेव्हापासून जे काम करायचं नसेल ते त्या करंगळीच्या नावावर लागत होतं.

तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं मनिषच्या फोनमधून चालत होतं. "विचार त्यायले, बैलाले ढेप देली का?" "सांग तिले, देली." धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस जवळ येत होते. धानाची पहिली मूठ दरवर्षी शकुनबाईंच्या हातानं पडायची, आणि त्या मुठीच्या आठवणीनं त्यांचा हात इथं भंडाऱ्याला बसल्याबसल्या शिवशिवायचा. पण घ्यायला कोणी येत नव्हतं, आणि न बोलावता जायला त्या काही चिमण्या नव्हत्या.

असो. गोष्ट चोराची चालली होती.

चोर कोण, याबद्दल शकुनबाईंना शंका नव्हती. त्यांना कशाबद्दलच शंका नसायची. समोरच्या दारात कौशल्याबाई निंबार्ते राहत होत्या. एकट्याच, मुलगा नागपूरला. माहेर आंधळगावचं. "आंधळगावच्या मानसाच्या पोटात काही राहत नाही," असं शकुनबाई पहिल्याच आठवड्यात त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या. मग पाण्याच्या मोटारीवरून जुंपली, चपलांच्या मांडणीवरून जुंपली, आणि गच्चीवर वड्यांचं चादरभर वाळवण कौशल्याबाईंनी आपल्या गाद्या वाळत घालायला एका कोपऱ्यात सरकवलं, तेव्हा तर अशी जुंपली की खालच्या मजल्यावरचे घरमालक नत्थूजी हटवार दुपारची झोप टाकून वर आले.

पण मोठा पुरावा वेगळाच होता. त्याच आठवड्यात जिन्यात कौशल्याबाई सहज म्हणून गेल्या, "काय वं शकुनबाई, वड्यायत हिंग जरा जास्तच घालता नाही तुमी?"

शकुनबाईंच्या हातातली भाजीची पिशवी तिथंच थांबली. या बाईला त्यांनी आजवर वडी तर सोडा, वडीचा वासही दिला नव्हता.

झालं. त्या दिवसापासून सल्ल्यांचा पूर आला. वरच्या मजल्यावरच्या आनंदाबाई म्हणाल्या, लिंबू-मिरची बांधा. माणूस असेल तर लाजेल आणि माणूस नसेल तर पळेल. मनिष म्हणाला, कॅमेरा लावू. त्यानं जुना मोबाईल कपाटावर उभा करून ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो पहिल्याच मिनिटाला उताणा पडला आणि दुपारभर छताचं चित्र काढत बसला. शकुनबाईंनी ते सगळं चित्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एक पाल दिसली. तीही घरचीच होती.

मग त्यांनी एकोडीहून आणलेलं पितळी कुलूप काढलं. ते लावायचं तर दाराला कडी पाहिजे. नत्थूजी म्हणाले, "दाराले छेद करता येनार नाही, बाई. करारात लिहिलं आहे."

"चोर येते ते करारात लिहिलं आहे काय?"

"चोराले छेद लागत नाही ना, बाई. तुमाले लागते."

शकुनबाईंनी कुलूप पिशवीत टाकलं, पिशवी काखेत मारली आणि मनिषला पुढं घालून पोलीस चौकी गाठली.

तिथल्या हवालदारानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"वड्या."

"आणखी?"

"कूलरमधलं पानी."

"आणखी?"

"चादरीची घडी घातली."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "म्हंजे चोर येते, वड्या खाते, आराम करते अन् घर आवरून जाते? बाई, सापडला तर मारू नका. आमच्या घरी पाठवा, मंडळी फार दिवसांपासून मानूस शोधून राहिली."

शकुनबाई हसल्या नाहीत. पोलिसाच्या विनोदाला हसलं की तक्रार हलकी होते, हे त्यांना उपजत कळत होतं. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

"घेतो. घर कोनाच्या नावानं आहे?"

"मालक नत्थूजी. भाड्यानं माझा पोरगा राहते."

"करारात राहनाऱ्यायची नावं?"

मनिषनं खाली बघत सांगितलं, "मी आणि मिसेस."

"अन् ह्या?"

"आई आहे."

"ते दिसूनच राहिलं. पन करारात नाही ना." हवालदार अगदी आदरानं शकुनबाईंकडे वळला. "बाई, विनापरवानगी घरात शिरलेलं मानूस म्हनून तक्रार लिहाची, तर कागदावर आत्ताच्या घडीले एकच मानूस आहे."

"कोन?"

"तुमी."

चौकीतून घरापर्यंत शकुनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मनिषला ताप आल्यासारखं झालं. आई बोलते तेव्हा कुठं लागतंय ते तरी कळतं.

जिन्यात पाय ठेवताच मात्र त्यांचं तोंड उघडलं ते थेट वरच्या मजल्यापर्यंत. आनंदाबाई खाली आल्या, नत्थूजी वर आले, कौशल्याबाईंनी दार उघडलं.

"एक बाई आहे ह्या बिल्डिंगीत," शकुनबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "जिले दुसऱ्याच्या वड्यायतला हिंग घरबसल्या कळते."

"मले म्हनता?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी भितीले म्हनून राहिली. भितीच्या अंगाले लागलं नाही, तुमच्या काहून लागलं?"

कौशल्याबाईंचं तोंड उघडलं. त्यात काहीतरी आलं होतं; अगदी ओठापर्यंत आलं होतं. मग त्यांनी मनिषकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं. मनिष खाली बघत होता. जन्मल्यापासून आईसमोर तो खालीच बघत आला होता, म्हणून त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही.

नत्थूजी म्हणाले, "शकुनबाई, पुरावा नसताना असं बोलू नये."

"पुरावा देते! शनिवारी देते! तुमी पंच." शकुनबाईंनी पदर खोचला. "अन् चोर हे बाई नाही निघाली, तर मी ह्या घरच्या पान्याचा घोट घेनार नाही. पिशवी उचलून त्याच पायानं चालती होईन. हा शकुन कापगतेचा शब्द आहे."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चालतं व्हायला जागा एकच होती, आणि तिथून घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. न बोलावता, हरून, पिशवी घेऊन एकोडीच्या बसस्टँडवर उतरायचं! सगळं गाव पारावर बसलेलं असणार, आणि मधोमध नवरा. नाही. चोर कौशल्याबाईच निघायला पाहिजे होती. न निघून तिची सोय नव्हती.

चोर धरायची शकुनबाईंची युक्ती कॅमेऱ्यापेक्षा जुनी आणि स्वस्त होती. शनिवारी सकाळी मनिष-गुंजन कामाला गेल्यावर त्यांनी तांदळाचं पीठ चाळलं आणि उंबऱ्याच्या आत पातळ पसरलं. फरशी पांढरी, पीठ पांढरं. शिरणाऱ्याला दिसणार नाही, पण पाऊल आपली साक्ष ठेवून जाईल. ठसा नीट उमटतो का, हे बघायला त्यांनी एका कडेला अंगठा दाबला. दारात उजेड कमी, म्हणून शेजारी पणती लावून वाकून पाहिलं. झकास. मग दुपारपर्यंत वाऱ्यानं पीठ उडू नये म्हणून त्यावर टोपली उपडी घातली, आणि दार उघडंच टाकून त्या आत भाकरी थापायला बसल्या.

तेवढ्यात आनंदाबाई विरजण मागायला आल्या.

त्यांनी दारातून पाहिलं. पीठ. पिठावर उपडी टोपली. टोपलीजवळ दिवा.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की जमिनीवर पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, शेजारी दिवा ठेवतात, आणि गेलेला जीव पुढं कोणत्या जन्माला गेला ते पिठावरच्या खुणेवरून बघतात. हे आनंदाबाईंना कोणी सांगायला नको होतं. दोन दीर आणि एक सासरा त्यांनी असेच वाटेला लावले होते. एकाचं चिमणीचं पाऊल उमटलं होतं. अशा वेळी दारातून हाक मारायची नसते, आणि कोण गेलं म्हणून विचारायचं तर मुळीच नसतं. आनंदाबाईंनी विरजणाची वाटी पदराखाली घेतली, डोक्यावरून पदर ओढला आणि त्या उलट्या पावली जिना चढल्या.

कोण गेलं, हे विचारायची गरजही नव्हती. मनिषला त्यांनी सकाळीच जिन्यात पाहिलं होतं. डोक्याचा पूर्ण गोटा! (घामोळ्यांनी बेजार होऊन त्यानं आदल्या संध्याकाळी मशीन फिरवून घेतली होती, पण घामोळ्या लांबून दिसत नाहीत, गोटा दिसतो.) म्हणजे बाप गेला. एकोडीला गेला, आणि ही हट्टी बाई शेवटच्या दर्शनालाही गेली नाही. इथंच पीठ घालून बसली. काय म्हणावं या रागाला!

आनंदाबाईंची भाची साकोलीला दिली होती. तिला फोन झाला. भाचीनं एकोडीच्या मैत्रिणीला केला. मैत्रीण धावत भोजराजजींच्या बहिणीकडे, भागरताबाईंकडे गेली. भागरताबाई धावत भावाच्या घरी गेल्या, तर दाराला कुलूप आणि आत मोबाईल वाजतोय. शेजारी म्हणाले, भाऊ सकाळच्या बसनं गेले; भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात जातो म्हणत होते.

आता यापुढं कोणाला काय पुरावा पाहिजे? भागरताबाईंनी पहिला हंबरडा तिथंच अंगणात फोडला, दुसरा जीपमध्ये बसताना फोडला, आणि बाकीचे भंडाऱ्यासाठी राखून ठेवले.

इकडे शकुनबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दुपारी टोपली काढली, पणती विझवली, बाहेर उभं राहून दार ओढलं आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "चालली मी भजनाले! संध्याकाळशिवाय येत नाही!"

भजनात त्यांचं लक्ष नव्हतं. टाळ एकीकडे, त्या एकीकडे. ऊन जरा तिरपं झालं तशा त्या उठल्या, खाली नत्थूजींना झोपेतून उठवलं, आणि त्यांना पुढं घालून जिना चढल्या. "पंच आहात तुमी. डोळे उघडे ठेवा."

वर कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या. शकुनबाईंना एवढ्या लवकर बघून त्यांचा चेहरा उतरला. त्या चक्क आडव्या आल्या. "शकुनबाई, आत्ता उघडू नका. घडीभर माझ्या घरी बसा. पाया पडते."

"पाहा नत्थूजी! चोराच्या मनात चांदनं!" शकुनबाईंनी किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

पिठात पावलं होती. उंबऱ्यापासून आत, एकापुढं एक, चांगली ऐसपैस.

"आत गेलेली आहेत," नत्थूजी कुजबुजले, "बाहेर आलेली नाहीत." आणि त्यांनी कौशल्याबाईंच्या दारामागचा झाडू हातात घेतला.

शकुनबाई विजयानं खाली वाकल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

डाव्या पावलाला चारच बोटं होती.

"बोला ना बाई," नत्थूजी म्हणाले. "कोनाचं पाऊल आहे?"

ते पाऊल शकुनबाई चिखलात ओळखत होत्या, शेणात ओळखत होत्या. पिठात काय ओळखणार नव्हत्या! गच्च लागलेलं झाकण त्यांना आठवलं. एकोडीला असल्याच घट्ट झाकणांवरून ज्या हाताशी त्या उभा जन्म भांडल्या, तोच हात भंडाऱ्याच्या बरणीवर त्यांना ओळखू आला नव्हता. डब्यात पाय ठेवनार नाही म्हणणारा पाय ठेवून बसला होता. म्हणजे त्या जिंकल्या होत्या. आणि कौशल्याबाई चोर नव्हती. म्हणजे त्या हरल्या होत्या. एकाच पावलात दोन्ही. हसावं की रडावं हे ठरवायला त्यांना एक घडी पाहिजे होती.

ती मिळाली नाही. जिन्यातून आवाज आला.

"अगा माझ्या दादा गाऽऽ!"

पुढं भागरताबाई, मागं एकोडीच्या जीपभर बाया, त्यांच्यामागं पदर डोक्यावर घेतलेल्या आनंदाबाई. भागरताबाईंनी दारातलं पीठ पाहिलं, त्यातलं चार बोटांचं पाऊल पाहिलं, आणि तिथंच बसकण मारली.

"पाऊल देऊन गेला वंऽऽ! तेच पाऊल घेऊन गेला वंऽऽ! करंगळी पुढच्या जन्मीही नाही भेटली गाऽऽ, माझ्या दादा!"

नत्थूजींनी झाडू खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

शकुनबाईंना सगळं कळलं. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं तिथंच थांबलं असतं. नवरा आत कूलरखाली घोरत होता. कूलरच्या घरघरीत त्याला रामायण-महाभारत काही ऐकू जाणार नव्हतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात भागरताबाईंनी पुढचा हेल काढला.

"शेवगा तोडला म्हनून झुरत होता वंऽऽ! ठुट्याले रोज पानी घालत होता गाऽऽ! ठुटा फुटला, फुटवे आले, वहिनीले सांगू नको म्हनत होता वंऽऽ!"

शकुनबाईंनी तोंड मिटलं. जरा आणखी ऐकायला काय हरकत होती?

"तिच्या हातचं नसलं तर भात घशाखाली उतरत नाही म्हनत होता गाऽऽ! पऱ्हे कोन टाकन म्हनत होता, तिच्या मुठीशिवाय धान पिकत नाही म्हनत होता वंऽऽ!"

शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला. बाया म्हणाल्या, रडू द्या, मोकळी होऊ द्या. पदराआड काय चाललं होतं ते कोणाला दिसलं नाही म्हणून बरं. मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात हे खरं. पण जिवंत माणसाबद्दल ते आयतं ऐकायला मिळणं, याला पुण्याई लागते.

"अन् आता माझ्या वहिनीले कोन बोलन गाऽऽ, हेकट आहे, हेकट आहे म्हनून!"

हे मात्र पुरे झालं. शकुनबाई पदर काढून काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. बनियन, खांद्यावर दुपट्टा, हातात अर्धी खाल्लेली वडी, असे भोजराजजी डोळे चोळत बाहेर आले.

"काय वं भागरता," ते म्हणाले, "कोन मेलं?"

पुढं घडीभर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एकोडीच्या निम्म्या बाया जिन्यात आणि निम्म्या कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात निघाल्या. आनंदाबाई पिठावरून घसरून अशा बसल्या की पावलाचा पुरावा कायमचा नाहीसा झाला. भागरताबाईंनी मात्र भावाला आधी मिठी मारली आणि मग दोन चापट्या मारल्या, फुकट रडवल्याबद्दल.

शकुनबाई जागच्या हलल्या नाहीत. "कायले आले होते?"

भोजराजजींनी वडीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. "कूलर चांगला आहे इथचा."

"एकोडीहून कूलरसाठी?"

"दुपारी लाइन जाते ना तिकडं."

"अन् चादरीची घडी?"

"तशीच टाकली की तू चिडते."

"अन् मी घरी नसताना बरी आठवन येते येयाची!"

"तू असताना कसा येऊ?" भोजराजजी म्हणाले. "मी तर येनार नाही म्हटलं होतं."

हे बोलणं शकुनबाईंना पूर्ण पटलं. त्या कौशल्याबाईंकडे वळल्या. कौशल्याबाईंनी कमरेची किल्ली काढून दाखवली.

"मनिषनं ठेवाले देली होती, अडीअडचनीले. तुमाले सांगाची त्याची छाती झाली नाही. पहिल्या दिवशी भाऊ उन्हाचे आले, दारातच बसले होते. मी उघडून देलं. चपला माझ्या घरी ठेवत होते. जाताना एक वडी देऊन जात होते."

"मग एवढं बोलली मी तुमाले, तोंड काहून नाही उघडलं?"

"भाऊनं आन घातली होती." कौशल्याबाईंनी किल्ली परत कमरेला खोचली. "अन् आंधळगावच्या मानसाच्या पोटात काही राहत नाही, असं कोनीतरी म्हनत होतं. म्हटलं, ठेवून दाखवावं."

नत्थूजींनी टोपी परत डोक्यावर घातली. त्यांच्या इमारतीत एवढं चोख उत्तर कोणी कोणाला दिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

एवढ्यानंही भागत नव्हतं. भागरताबाई म्हणाल्या, मानूस मेला नसला तरी रडलो खरं. मयताचं रडून आंघोळीशिवाय तोंडात घास घालता येत नाही. यावर कोणाचं काही चालेना. जीपभर बाया एकामागून एक न्हाणीत गेल्या. ज्या टाकीच्या पाण्यावरून सगळा उन्हाळा भांडण चाललं होतं, ती टाकी त्यांनी तळापर्यंत उपसली. आणि मोटारीचं बटण दाबायला कौशल्याबाई स्वतः खाली गेल्या.

शकुनबाईंनी पिशवी भरली. साड्या, टाळ, पितळी कुलूप, वड्यांची बरणी. मनिष आणि गुंजन कामावरून आले ते हे बघायलाच.

"आई, आता कशाला जातेस?" गोट्यावरून हात फिरवत मनिष म्हणाला.

"नत्थूजीपुढं शब्द देला होता. चोर समोरची निघाली नाही. मी चालली."

"राहू द्या बाई," नत्थूजी म्हणाले. "मी तुमाले त्या शब्दातून मोकळं केलं."

"तुमी कोन मोकळं करनारे? शब्द माझा आहे!" शकुनबाई कडाडल्या, कारण नत्थूजी भलत्या वेळी चांगुलपणा करत होते. मग नवऱ्याला ऐकू जाईल असं त्यांनी भिंतीला सांगितलं, "कोनी घ्यायले आलं म्हनून नाही जाऊन राहिली. शब्दासाठी जाऊन राहिली."

"मी कुठं घ्यायले आलो?" भोजराजजी म्हणाले. "मी कूलरसाठी आलो."

"हं. तेच सांगून राहिली मी."

बाया जीपमध्ये बसल्या. शकुनबाईंचा घसा मात्र वाळून गेला होता. भजन, जिना, धक्का, आणि त्यावर एवढा उन्हाळा. गुंजननं न सांगता तांब्या पुढं केला. शकुनबाईंनी तो हातानं मागं सारला. या घरच्या पाण्याचा घोट नाही, म्हणजे नाही.

त्या बाहेर आल्या. जिन्याकडे वळल्या. थांबल्या. मग समोरच्या दारापुढं जाऊन, सगळा उन्हाळा जिथं त्यांनी फक्त आवाज पोचवला होता तिथं, स्वतः उभ्या राहिल्या.

"कौशल्याबाई," त्या म्हणाल्या, "पानी द्या."

कौशल्याबाईंनी माठातलं पाणी आणलं, सोबत गुळाचा खडा आणला. शकुनबाई उंबऱ्यावर बसून पूर्ण तांब्या प्यायल्या, आणि मग पिशवीतून बरणी काढून अर्ध्या वड्या कौशल्याबाईंच्या ताटात ओतल्या.

"हिंग जास्तच असते," ताट सरकवत त्या म्हणाल्या. "आमच्या मानसाले तसाच लागते."

"मले पन आता तसाच लागते," कौशल्याबाई म्हणाल्या.

"अन् ते किल्ली तुमच्यापाशीच असू द्या. पोरायचं काय, कुठंही ठेवतीन. कोनी आलंच, तर पायाची बोटं पाहून सोडा."

खाली जीप सुरू झाली होती. भागरताबाईंनी पुढची जागा नवराबायकोसाठी सोडली होती. शकुनबाईंनी मांडीवरची बरणी उचलून झाकणासकट भोजराजजींच्या हातात दिली.

"लावा," त्या म्हणाल्या. "घट्ट लावा. रस्ता खराब आहे."